आल्फामात राहायचं कोणी?

लिस्बनच्या साँव जॉर्ज किल्ल्याच्या टेकडीला दोन उतार आहेत. तेजू नदीकडे उतरतो तो आल्फामाचा आणि पाठीमागे उत्तरेकडे घसरतो तो मोरारियाचा. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च माणसांनी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ नदीच्या मुखातून समुद्र शहरात शिरला आणि त्यानंतर कित्येक दिवस आग धुमसत राहिली. सपाटीवरचं शहर संपलं. राजाचा प्रमुख मंत्री असलेल्या पोंबालच्या मार्किसने ते बाइशा या भागात नव्याने उभं केलं: सरळ रस्ते, एकसारख्या इमारती, भिंतींच्या आत हादरे सोसणारा लाकडी सांगाडा. टेकडीच्या खडकावरची आल्फामा मात्र बरीचशी तगली. भूकंपापूर्वीच्या लिस्बनची वीण, तिचे बोळ, पायऱ्या, कमानीखालून जाणाऱ्या वाटा, पायाखाली अनुभवायची तर आजही इथेच यावं लागतं.

त्या वाटांनी जगभरातले लोक चालतात. स्पेन-पोर्तुगालच्या सहलींतून आता आपली मराठी माणसंही तिथे मोठ्या संख्येने पोचतात. चालणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. जुनी वस्ती पायी हिंडून जे कळतं ते पुस्तकांतून कळत नाही. प्रश्न आहे तो तिथे मुक्काम कोणाचा, याचा. ज्या वस्तीत राहणाऱ्याला राहणंच परवडेनासं झालं, ती जपली गेली असं म्हणता येणार नाही, तिच्या भिंती कितीही सुंदर रंगवलेल्या असोत. आल्फामा आणि मोरारियात पर्यटकांना भाड्याने दिली जाणारी घरं आहेत तेवढ्यावर थांबवून भागणार नाही, ती कमी करावी लागतील. आणि सार्वजनिक पैशातून दुरुस्त झालेली घरं तिथल्याच लोकांना परवडणाऱ्या भाड्याने द्यावी लागतील. यात आपल्यासारख्या पाहुण्यांची गैरसोय होईल, आपला मुक्काम महागेल. हे मान्य करूनच मी हा लेख लिहितो आहे.

आल्फामात एकही अशी इमारत नाही की जिच्या एकटीसाठी कोणी युरोप ओलांडून यावं. साँव मिगेलचं चर्च आहे, सांतु इश्तेव्हाँवचं आहे, सांता लुझियाच्या सज्जावर निळ्या फरशांची चित्रं आहेत. पण या वस्तीची खरी किमया राहण्यात आहे. घरं एक-दोन खोल्यांची, छत ठेंगणं. अनेक घरांत न्हाणीघर नव्हतं, म्हणून सार्वजनिक न्हाणीघरं आली. कपडे धुवायची सोय नव्हती, म्हणून गल्लीच्या टोकाला सामायिक धुणवट आली. घरात बसायला जागा नाही म्हणून खुर्ची दारात आली, आणि दारातली खुर्ची समोरच्या दारातल्या खुर्चीशी बोलू लागली. खिडकीबाहेर वाळणारे कपडे, ज्यांचे हजारो फोटो रोज निघतात, ते त्या अपुऱ्या जागेतून आलेले आहेत. या वस्तीला जे रूप आहे ते कोण्या वास्तुरचनाकाराने दिलेलं नाही; दाटीने, गरिबीने आणि शेजाराने दिलेलं आहे. राहणारी माणसं गेली की त्या रूपामागचं कारणच जातं.

जून महिन्यात हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. १३ जून हा संत अँथनीचा दिवस. गोव्यात सांत आंतोनच्या नावाने ज्याला पुजतात, तो हाच संत, आणि लिस्बनचे लोक त्याला आपल्या गावचा मुलगा मानतात, कारण त्याचा जन्म इथला, कॅथीड्रलच्या शेजारचा. आदल्या रात्री आल्फामाच्या गल्ल्यांत निखाऱ्यांवर तारली मासे भाजले जातात, कागदी तोरणं लागतात, आणि शहरातल्या एकेका वस्तीचं पथक आवेनिदा द लिबरदाद या हमरस्त्यावरून नाचत-गात उतरतं. ही पथकांची स्पर्धा १९३२ पासूनची. पोशाख शिवायचे, गाणी बसवायची, पावलं घटवायची, यासाठी कित्येक संध्याकाळी द्याव्या लागतात. त्या देणारी माणसं आता बऱ्याचदा अमादोरा, सिंत्रा, लोरिश अशा बाहेरच्या गावांतून तालमीला येतात, कारण ज्या वस्तीच्या नावाने ती नाचतात तिथे त्यांचं घर राहिलेलं नाही. ही निष्ठा मला फार मोठी वाटते. पण दूर राहून जपलेली निष्ठा किती पिढ्या टिकेल? पथकात नाचणाऱ्याच्या मुलाने आल्फामाची गल्ली रविवारी भेट द्यायची जागा म्हणूनच पाहिली असेल, तर त्याच्यासाठी हे पथक कशाचं असेल?

फादो या लिस्बनच्या गाण्याचंही तेच. १८२० मध्ये जन्मलेली आणि सव्वीसाव्या वर्षी वारलेली मारिया सेव्हेरा मोरारियाच्या रुआ दु कापेलाँव या गल्लीत राहून गात असे. तिच्यापासून फादोची परंपरा सांगतात. २०११ मध्ये युनेस्कोने फादोला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. त्याच्या पुढच्या दहा-बारा वर्षांतच ज्या वस्त्यांनी हे गाणं घडवलं त्या झपाट्याने ओस पडत गेल्या. गाणं यादीत गेलं आणि गाणाऱ्याचा भाडेकरार संपला, या दोन घटना एकाच काळात, एकाच गल्लीत घडतात, तेव्हा वारसा जपण्याच्या आपल्या कल्पनेतच काहीतरी चुकतं आहे असं समजावं.

हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं, कारण इथे सगळा दोष पर्यटनावर टाकणं सोपं असलं तरी खरं नाही. १९४८ च्या कायद्याने हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत लिस्बन आणि पोर्तो या दोन शहरांतली घरभाडी गोठली. ती हुकूमशाही उलथवणाऱ्या १९७४ च्या क्रांतीनंतरही भाडेकरूंचं संरक्षण चालू राहिलं. मधल्या काळातल्या महागाईत ती भाडी नगण्य झाली, मालकाला छपराची कौलंही बदलणं परवडेना, आणि इमारती आतून कुजू लागल्या. मुंबईत १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर गिरगाव-लालबागच्या चाळींचं काय झालं हे ज्याने पाहिलं आहे, त्याला आल्फामाची ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. मालक गरीब, भाडेकरू गरीब आणि दोघांच्या मध्ये गळणारं छप्पर. लोक तेव्हापासूनच बाहेर पडू लागले होते. १९८१ मध्ये लिस्बन शहराची वस्ती आठ लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती साडेपाच लाखांपर्यंत उतरली. त्या तीस वर्षांत या शहरात पर्यटनाचा असा पूर नव्हता.

मग २०११ मध्ये पोर्तुगाल कर्जाच्या संकटात सापडला आणि युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याकडून ७८ अब्ज युरोचं अर्थसाहाय्य घ्यावं लागलं. त्याच्या अटींत भाडेकायदा बदलणं ही एक अट होती. २०१२ मध्ये नवा कायदा आला. जुने करार मोडणं, भाडं वाढवणं, मुदत संपल्यावर घर खाली करून घेणं सोपं झालं. वृद्ध आणि कमी उत्पन्नाच्या भाडेकरूंना काही वर्षांची सवलत होती, पण ती सवलतच होती. त्याच वर्षी पाच लाख युरोची मालमत्ता घेणाऱ्या परदेशी गुंतवणूकदाराला निवास परवाना देणारी ‘सोनेरी व्हिसा’ योजना सुरू झाली. २०१४ मध्ये पर्यटकांना घर भाड्याने देण्यासाठी ‘आलोजामेंतु लोकाल’ ही सुटसुटीत नोंदणीपद्धत आली. स्वस्त विमानसेवा होतीच, आणि २०१७ मध्ये आल्फामाच्या अगदी पायथ्याशी मोठ्या क्रूझ जहाजांचा नवा धक्का उघडला.

यातला एकेक निर्णय वेगळा घेतला तर त्याचं समर्थन करता येतं. देश कर्जात बुडालेला, तरुण नोकरीसाठी देश सोडून जाणारे, इमारती पडायला आलेल्या. अशा वेळी पैसा आणणारं काहीही स्वागतार्ह वाटणारच. पण हे सगळे निर्णय काही वर्षांतच एकाच टेकडीवर येऊन आदळले, आणि तिथल्या भाडेकरूच्या बाजूने त्याच वेळी काहीच उभं केलं गेलं नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. भाडी मोकळी करणं कधीतरी अटळच होतं. पण साठ वर्षं गोठवलेली भाडी मोकळी करताना त्या साठ वर्षांच्या भरवशावर म्हातारी झालेली माणसं कुठे जातील, याचं उत्तर आधी तयार हवं होतं. पोर्तुगालमध्ये सार्वजनिक मालकीची घरं एकूण घरांच्या जेमतेम दोन टक्के आहेत. म्हणजे उत्तर तयार नव्हतं, आणि ते नाही हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं.

परिणाम जनगणनेत दिसतो. आल्फामा, मोरारिया, किल्ला आणि बाइशा मिळून सांता मारिया मायोर हा प्रभाग बनतो. २०११ मध्ये तिथे बारा हजारांहून जास्त लोक राहत होते, २०२१ मध्ये दहा हजारांच्या आसपास उरले. दहा वर्षांत सुमारे पाचवा हिस्सा गेला. याच दहा वर्षांत साऱ्या लिस्बन शहराची लोकसंख्या जवळपास होती तेवढीच राहिली. शहर रिकामं होणं थांबलं होतं आणि जुना गाभा मात्र आणखी रिकामा होत होता. लिस्बनमधल्या पर्यटक-घरांच्या नोंदण्या वीस हजारांच्या आसपास गेल्या, आणि या एका प्रभागात त्यांचं प्रमाण राहत्या घरांच्या निम्म्याहून अधिक भरलं. शेजारचं दार उघडं दिसतं, पण आत दर तीन दिवसांनी नवा चेहरा. जिना चढताना बॅगांची चाकं प्रत्येक पायरीवर आपटतात. रात्री दोन वाजता कोणीतरी चुकीच्या दाराला किल्ली लावत असतं. खालचा किराणावाला आता फ्रिजवर लावायची चुंबकं आणि बुचाच्या पर्सेस विकतो, कारण दूध-बटाटे घेणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. ऐंशी वर्षांच्या बाईला चार जिने उतरून, टेकडी उतरून बटाटे आणावे लागतात आणि मग ती मुलीकडे राहायला निघून जाते. तिला कोणी घराबाहेर काढलं असं नोंदवलं जात नाही. आकडेवारीत ती स्वेच्छेने गेलेली असते.

मोरारियाच्या बेकु दाश फारिन्याश या बोळात भिंतींवर तिथल्या वृद्ध रहिवाशांची मोठी कृष्णधवल छायाचित्रं उमटवलेली आहेत. प्रेमाने केलेलं, उत्तम काम आहे ते. येणारे-जाणारे थांबून त्यांचे फोटो घेतात. मला त्या बोळात फार वेळ थांबवत नाही. भिंतीवरचा चेहरा राहावा आणि त्या चेहऱ्याची पुढची पिढी त्याच भिंतीआड राहू नये, हे स्वीकारणं मला जड जातं.

आता विरोधी बाजू. ‘पर्यटन आलं नसतं तर आल्फामा कोसळली असती’ हे वाक्य लिस्बनमध्ये घरमालकांच्या संघटनांपासून रिक्षासारख्या टुकटुक चालवणाऱ्या तरुणापर्यंत सगळे उच्चारतात. त्यात तथ्य आहे. गेल्या दशकात जेवढी छपरं दुरुस्त झाली तेवढी आधीच्या चार दशकांत झाली नव्हती. पण दुरुस्ती व्हायची तर रहिवासी जायलाच हवेत, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. इटलीतल्या बोलोन्या शहराने हे १९७३ मध्येच करून दाखवलं. तिथल्या साम्यवादी महापालिकेने वास्तुरचनाकार पिएर लुईजी चेर्व्हेल्लाती यांच्या पुढाकाराने स्वस्त घरांसाठीचा सरकारी निधी शहराबाहेर नव्या इमारती बांधण्याऐवजी जुन्या गाभ्यातली मोडकळीला आलेली घरं सावरण्यासाठी वापरला. जुन्या घरांचे नमुने अभ्यासले, खोल्यांची मूळ रचना ओळखली, आत पाणी-संडासाची सोय केली आणि कामगार, कारागीर, विद्यार्थी तिथेच राहतील असं बघितलं. घराइतकंच घरातल्या कुटुंबाचंही जतन, हे धोरण म्हणून लेखी मांडणारं ते युरोपातलं पहिलं मोठं शहर. योजना सगळी पूर्ण झाली नाही, खासगी मालकांच्या विरोधापुढे ती आखडली. पण वाट आहे हे सिद्ध झालं. खुद्द पोर्तुगालमध्ये, क्रांतीच्याच वर्षी, १९७४ मध्ये पोर्तो शहराने नदीकाठच्या रिबैरा-बारेदु वस्तीत सरकारी यंत्रणा उभारून घरं दुरुस्त करायला घेतली, तीही तिथल्या गरीब रहिवाशांसाठी. पुढे १९९६ मध्ये पोर्तोचा तो जुना गाभा जागतिक वारसा झाला. म्हणजे लिस्बनला बोलोन्यापर्यंत जायचीही गरज नव्हती. आगगाडीने तीन तासांवर उदाहरण होतं.

‘लहान घरमालकांचं काय?’ हा दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. आजीकडून वारसाने आलेली एक खोली भाड्याने देऊन कोणी बेकारीच्या वर्षांत तग धरला, हे खरं आहे, आणि अशा माणसाला गुन्हेगारासारखं वागवणारा कायदा मला नको. स्वतः राहत असलेल्या घरातली खोली पाहुण्यांना देणाऱ्याला मोकळीक असावी. तो शेजारी राहतो, आवाज झाला तर त्यालाच ऐकावं लागतं, आणि त्याच्या पाहुण्याला वस्तीही अधिक खरी भेटते. पण एकेका चालकाकडे अनेक घरं असतात, तिथे ‘लहान मालक’ हा शब्द ढालीसारखा वापरला जातो. एकाच घराचा मालक आणि घरांचा ताफा चालवणारा व्यावसायिक यांना एकच नियम लावायचं काही कारण नाही.

मालमत्तेचा हक्क म्हणाल तर १९७६ च्या पोर्तुगीज राज्यघटनेच्या ६५ व्या कलमात योग्य घराचा हक्क लिहिलेला आहे, तोही तितकाच मूलभूत. २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इमारतीच्या दस्तऐवजात सदनिका निवासासाठी म्हणून नोंदली असेल तर तिथे पर्यटकांचा धंदा करता येणार नाही. शेजाऱ्यांना यातून मोठं बळ मिळालं होतं. २०२४ च्या नव्या नियमांनी ते पुन्हा कमी केलं.

इथे गोव्याचा धागा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. २००७ ते २०१५ या काळात लिस्बनचे महापौर होते अँटोनियो कोस्टा. त्यांचे वडील, लेखक ओर्लांदु द कोश्ता, मडगावच्या घराण्यातले. कोस्टांना घरात बाबुश म्हणत, हे आपल्याकडे त्यांच्या प्रत्येक बातमीत कौतुकाने छापून येतं. कोस्टांनी २०११ मध्ये आपलं कार्यालयच मोरारियाला लागून असलेल्या इंतेंदेंत चौकात हलवलं. अमली पदार्थ आणि वेश्याव्यवसायासाठी बदनाम झालेल्या त्या भागाकडे कोणी राजकारणी फिरकत नसे. युरोपीय निधीतून मोरारियाचे रस्ते, चौक, पायऱ्या सुधारल्या. रात्री बायका तिथून निर्धास्त चालू लागल्या. हे मोठं काम होतं आणि मी ते मनापासून मोठं मानतो. पण चौक सुधारला की भाडं वाढतं, हे जगभरच्या नगररचनेत माहीत असलेलं आहे, आणि चौक सुधारण्याआधी त्याभोवतीच्या घरांचं भाडं सुरक्षित केलं गेलं नाही. पुढे पंतप्रधान म्हणून कोस्टांनीच २०२३ मध्ये ‘माइश आबितासाँव’ (‘अधिक घरं’) हा कायद्यांचा संच आणला: शहरांतल्या सदनिकांना पर्यटक-निवासाचे नवे परवाने बंद, घर घेऊन मिळणारा सोनेरी व्हिसा बंद, पर्यटक-घरांवर जादा भार. त्यापूर्वी १ एप्रिल २०२३ रोजी घरांसाठी देशभरच्या शहरांत हजारो लोक रस्त्यावर उतरले होते. कायदा योग्य दिशेचा होता, पण दशकभर उशिरा आला. वर्षभरात सरकार बदललं आणि त्यातल्या बऱ्याच तरतुदी मागे घेतल्या गेल्या. मडगावच्या घराण्यातला माणूस युरोपात एवढ्या पदांवर पोचला याचा अभिमान जरूर बाळगावा. त्याच्या शहराने काय आधी केलं आणि काय नंतर, याचा अभ्यास त्याहून उपयोगी पडेल.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण ‘आमची वस्ती हरवली’ या दुःखाचा वापर लिस्बनमध्ये भलत्याच माणसांविरुद्ध होऊ लागला आहे. ११४७ मध्ये पोर्तुगालचा पहिला राजा अफोंसु एन्रिकेश याने धर्मयोद्ध्यांच्या मदतीने हे शहर जिंकलं तेव्हा हरलेल्या मुस्लिमांना तटबंदीबाहेर, टेकडीच्या उत्तर उतारावर जागा दिली गेली. मोरारिया ती. १४९६ मध्ये राजा मानुएलने ज्यू आणि मुस्लिमांना देश सोडण्याचा हुकूम काढला. विसाव्या शतकात सालाझारच्या काळात मोरारियाचा खालचा भाग पाडून टाकला गेला, आणि त्या मोकळ्या जागेचं मार्तिम मोनीश चौकात रूपांतर झालं. १९७५ नंतर मोझांबिक सोडून आलेले गुजराती आणि गोवेकर या परिसरात दुकानं घालू लागले, मग चिनी आले, आणि आज रुआ दु बेनफोर्मोझुवर बांगलादेशी वाणसामानाची दुकानं, भातकढीची खानावळ, केशकर्तनालय असं सगळं आहे. ताजी कोथिंबीर तिथे रोज मिळते. या वस्तीत आठशे-पाऊणेनऊशे वर्षं कोणी ना कोणी बाहेरून येऊन राहिलं आहे.

१९ डिसेंबर २०२४ रोजी पोलिसांनी याच रस्त्यावर डझनावारी लोकांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं केलं. ती छायाचित्रं देशभर गेली, आणि जानेवारीत लिस्बनमध्ये ‘आम्हाला भिंतीला लावू नका’ अशा घोषणेचा मोठा मोर्चा निघाला. जुन्या वस्तीच्या ऱ्हासाबद्दल कळवळून बोलणारे काही जण या बांगलादेशी दुकानदाराकडे बोट दाखवतात, तेव्हा ते नेमकी उलटी चूक करतात. तो तिथे राहतो. त्याची मुलं तिथल्या शाळेत जातात, त्यामुळे ती शाळा चालू राहते. त्याचं दुकान रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि वरच्या मजल्यावरच्या पोर्तुगीज आजीला दूध तिथूनच मिळतं. घरांच्या टंचाईचा सगळ्यात भीषण मार याच लोकांना बसतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मोरारियातल्या एका इमारतीला आग लागली, दोन जण दगावले. आत दक्षिण आशियातले कामगार दाटीवाटीने राहत होते. एका बाजूला आठवड्यातले निम्मे दिवस रिकामी पडणारी सजवलेली सदनिका आणि तिच्या शेजारी एकेका खोलीत कोंबलेली माणसं, हे एकाच धोरणाचं फळ आहे. देशी की परदेशी, या निकषावर ही वस्ती वाचणार नाही. राहणारा की न राहणारा, हा निकष लावला तर पोर्तुगीज आजी आणि सिल्हेटचा वाणी एकाच बाजूला येतात, आणि येतातच.

दक्षिण युरोपातली बाकीची शहरं काय करतात? व्हेनिसमध्ये १९५० च्या सुमारास जुन्या बेटांवर पावणेदोन लाख लोक राहत, २०२२ मध्ये ही संख्या पन्नास हजारांच्या खाली गेली. २०२४ पासून तिथे गर्दीच्या ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्याकडून प्रवेशशुल्क घेतात; सुरुवातीला ते पाच युरो होतं. शुल्काने तिजोरीत भर पडते, पण त्यामुळे एकही व्हेनिसकर परत राहायला आलेला नाही. लिस्बननेही सप्टेंबर २०२४ पासून पर्यटन कर दर रात्री दोनवरून चार युरो केला. माझा अशा करांना विरोध नाही, पण तो पैसा घरांकडे वळला पाहिजे. बार्सिलोनाने मात्र थेट मुद्द्याला हात घातला: जून २०२४ मध्ये महापौरांनी जाहीर केलं की पर्यटक-सदनिकांचे १०,१०१ परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर वाढवून मिळणार नाहीत. मालकांनी ओरड केली, पण स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यामागचा कॅटलोनिया प्रांताचा कायदा वैध ठरवला. मुदत आधी सांगून हे करता येतं.

लिस्बनच्या नागरिकांनीही प्रयत्न केला. निवासी इमारतींत पर्यटक-घरं असावीत का, यावर शहराने सार्वमत घ्यावं म्हणून पाच हजारांहून अधिक मतदारांच्या सह्या गोळा झाल्या. शहराच्या सभेने मागणी मान्य केली. जानेवारी २०२५ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती फेटाळली. २०१८ पासून आल्फामा, मोरारिया आणि किल्ल्याच्या परिसरात नवे परवाने मिळत नाहीत हे खरं, पण जे आधीच दिले गेले ते तसेच राहिले, आणि जिथे निम्म्याहून अधिक घरं आधीच गेलेली आहेत तिथे नवा परवाना न देण्याने गेलेलं परत येत नाही.

आपण पाहुणे म्हणून यात काय करू शकतो? थोडं. बाइशात किंवा मेट्रोच्या वाटेवरच्या नव्या भागात हॉटेलात उतरावं आणि आल्फामाला दिवसा चालत जावं. २८ नंबरची पिवळी ट्राम ही चढावर राहणाऱ्या म्हाताऱ्यांची रोजची गाडी आहे. फेरफटका म्हणून ती भरून टाकू नये. बाइशातल्या रुआ दुश फांकैरुशपासून किल्ल्याच्या दिशेने वर नेणारी सार्वजनिक लिफ्ट आहे, तिला पैसे पडत नाहीत. उघड्या दारात डोकावून फोटो काढू नयेत. पणजीच्या फोंतेन्यशमधल्या रहिवाशांना आपल्या पायऱ्यांवर बसून चाललेल्या फोटोसेशनला कंटाळून पाट्या लावाव्या लागल्या, तेव्हा ही समज आपल्या घराजवळही कमीच आहे. पण पाहुण्यांच्या सभ्यतेवर वस्ती तगत नाही. ती भाडेकरारावर तगते.

लिस्बन महापालिकेने काही वर्षांपूर्वी जुन्या गाभ्यात घर गमावण्याच्या बेतात असलेल्या रहिवाशांसाठी एक योजना काढली होती. महापालिकेच्या मालकीची, त्याच परिसरातली सुमारे शंभर घरं दुरुस्त करून त्यांना माफक भाड्याने द्यायची, म्हणजे म्हातारपणी कोणाला टेकडी सोडावी लागू नये. शंभर घरं म्हणजे गेलेल्यांच्या तुलनेत फार थोडी, पण या सगळ्या वर्षांत मला बरोबर वाटलेला उपाय तोच. पर्यटन कराचा ठरावीक हिस्सा त्यासाठी बांधून द्यावा, सरकारी आणि धर्मादाय मालकीच्या बंद इमारती त्यात आणाव्यात, आणि अनेक घरांचे परवाने बाळगणाऱ्यांना बार्सिलोनासारखी मुदत द्यावी. ती घरं वाटताना पहिला हक्क असावा सांता मारिया मायोरमधून गेल्या दहा-पंधरा वर्षांत बाहेर पडावं लागलेल्यांचा, आणि आज रुआ दु बेनफोर्मोझुवर एका खोलीत आठ-दहा जणांनी राहणाऱ्यांचा.